बॉयलरचं प्रेशर सारखं उतरतंय? भरण्याआधी पाणी कुठे जातंय ते शोधा

ऑक्टोबरात आम्ही इंग्लंडातल्या रेडिंगमधल्या एका जुन्या टेरेस घरात (शेजारच्या घरांना भिंतीला भिंत लागलेल्या) राहायला आलो आणि पहिली कडक थंडी पडली त्याच सकाळी बॉयलर बंद. रेडिएटर गार, नळाला गरम पाणी नाही, आणि बॉयलरखालच्या गोल गेजचा काटा ०.४ बारवर टेकलेला. आधीच्या मालकांनी कपाटाच्या दारावर चिठ्ठी डकवून ठेवली होती: काटा खाली आला की चंदेरी नळीचे दोन्ही कॉक उघडा. मी उघडले, पाणी शिरल्याचा आवाज आला, काटा १.२ वर गेला, बॉयलर पेटला. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. डिसेंबर लागेपर्यंत दर तीन दिवसांनी भरायची वेळ आली. साताऱ्याहून आलेल्या सासूबाई तेव्हा आमच्याकडे होत्या. त्यांच्या सांध्यांना थंडी अजिबात सोसत नाही. पहाटे पाचला त्या शाल गुंडाळून स्वयंपाकघरात किटलीजवळ बसलेल्या दिसल्या की जीव तुटायचा.

इंग्लंडातल्या ओळखीच्या मराठी घरांतून दर हिवाळ्यात हाच प्रश्न कानावर येतो. आपल्याकडे घर गरम करायची सवय नाही, गिझरपलीकडे बॉयलर कुणी पाहिलेला नसतो, त्यामुळे चिठ्ठीवर लिहिलंय तसं करत राहणं साहजिक आहे. पण एक गोष्ट आधी मनात पक्की करा. हीटिंगचं पाणी बंद वर्तुळात फिरतं, ते वापरून संपत नाही. वर्षातून एकदा-दोनदा थोडं भरावं लागलं तर चालण्यासारखं आहे. दर महिन्याला किंवा दर आठवड्याला भरावं लागत असेल तर पाणी कुठूनतरी बाहेर जातंय. ती जागा सापडल्याशिवाय प्रश्न सुटत नाही.

काटा नेमकं काय सांगतो

हे सगळं कॉम्बी (रेडिएटर आणि नळाचं पाणी दोन्ही तापवणारा बॉयलर) किंवा तत्सम सील्ड, म्हणजे बंद वर्तुळाच्या, सिस्टीमबद्दल आहे. तुमच्या माळ्यावर हीटिंगसाठी छोटी पाण्याची टाकी असेल आणि बॉयलरला गेजच नसेल, तर तुमची सिस्टीम जुन्या ओपन पद्धतीची आहे आणि तिथे हा प्रश्नच येत नाही.

आणखी एक गोंधळ आधी दूर करते, कारण तो मी सुरुवातीला बऱ्याच जणांकडून ऐकला. शॉवरला धार बारीक येते म्हणजे बॉयलरचं प्रेशर कमी आहे, असं नाही. नळाचं पाणी वेगळं, रेडिएटरमधून फिरणारं पाणी वेगळं. दोन्ही बॉयलरमधून जातात, पण एकमेकांत मिसळत नाहीत. गेजवरचा आकडा फक्त रेडिएटरच्या पाण्याचा असतो. शॉवर सुधारावा म्हणून फिलिंग लूप, म्हणजे भरायची ती चंदेरी नळी, उघडलात तर हाती काही लागणार नाही आणि हीटिंगचं प्रेशर मात्र विनाकारण चढेल.

गार असताना काटा १ ते १.५ बारच्या मध्ये असावा. हीटिंग चालू झाली की पाणी फुगतं आणि काटा वर सरकतो. दीडवरून दोनच्या आसपास गेला तर काळजीचं कारण नाही. ३ बारला प्रेशर रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि जादा पाणी घराबाहेर सोडून देतो. कुकरच्या सेफ्टी व्हॉल्व्हचं काम जसं, तसंच याचंही. खाली, साधारण अर्ध्या बारच्या आसपास, बहुतेक बॉयलर स्वतःला बंद करून घेतात आणि पडद्यावर कोड दाखवतात. व्हेलंटच्या बॉयलरवर एफ.२२ आणि आयडियलच्या अनेक मॉडेलवर एफ१ दिसला तर पाणी कमी झालंय असं समजायचं. बाकीच्यांचे कोड बॉयलरच्या पुस्तिकेत असतात, आणि पुस्तिका हरवली असली तरी कंपनीच्या साइटवर मिळते.

१ बार म्हणजे साधारण १० मीटर उंचीच्या पाण्याचा दाब. बॉयलर तळमजल्यावर आणि सगळ्यात वरचा रेडिएटर ५ मीटर उंचावर असेल, तर तिथवर पाणी चढायलाच अर्धा बार खर्ची पडतो. लॉफ्टमध्ये खोली काढलेल्या घरांत वरचा रेडिएटर गार राहतो आणि काटा १ च्या खाली असतो, त्यात बऱ्याचदा एवढंच कारण असतं. अशा घरात गार असताना दीडच्या जवळ ठेवलेलं बरं.

भरायचं कसं, आणि सारखं का भरू नये

भरणं अवघड नाही. बॉयलर बंद करा, रेडिएटर गार होऊ द्या. बॉयलरखाली जाळीदार चंदेरी नळी दिसेल, दोन्ही टोकांना एकेक कॉक. काही बॉयलरना नळीऐवजी एक छोटी कांडी किंवा प्लास्टिकची चावी असते. आधी एक कॉक पूर्ण उघडा, मग दुसरा अगदी हळूहळू. नजर काट्यावर ठेवा. १.२ वर आला की दोन्ही बंद करा, आणि बंद झालेत ना ते हाताने पुन्हा तपासा. बाहेरची नळी असेल तर काम झाल्यावर ती काढून ठेवायची असते. १९९९ च्या पाण्याच्या नियमांनुसार ही जोडणी तात्पुरतीच हवी, कारण हीटिंगचं घाण पाणी पिण्याच्या पाण्यात परत येता कामा नये. प्रत्यक्षात निम्म्या घरांत ती लटकत असलेली दिसते. आमच्याकडेही होती.

पण दर भरण्यागणिक आपण आत ताजं पाणी घालतो, आणि ताज्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन असतो. जुन्या पाण्यातला ऑक्सिजन पहिल्या काही दिवसांत लोखंडाला गंज चढवून संपतो आणि मग गंज जवळजवळ थांबतो. ताजं पाणी घातलं की गंज पुन्हा सुरू. रेडिएटरच्या तळाशी काळा गाळ बसतो तो हाच, मॅग्नेटाइट, लोहचुंबकाला चिकटणारा. पंप जाम होतो, हीट एक्स्चेंजरची, म्हणजे पाण्याला उष्णता देणाऱ्या भागाची, बारीक तोंडं बुजतात. गंज रोखण्यासाठी घातलेलं इनहिबिटरचं द्रावणही दर वेळी पातळ होत जातं. शिवाय थेम्सच्या खोऱ्यातलं पाणी इतकं जड की आमच्या किटलीत आठवड्यात पांढरा थर धरतो. तोच चुना बॉयलरच्या आतही जातो. म्हणून भरायला लागतंय तर लागू दे, असं म्हणून वर्ष काढू नका.

आधी चार दिवस वही

इंजिनिअरला फोन करण्याआधी चार दिवस नोंद ठेवा. दिवसातून दोनदा पुरे: पहाटे हीटिंग सुरू होण्याआधी काटा किती, आणि रात्री हीटिंग तासभर चालल्यावर किती. फोनने फोटो काढलात तर वेळही आपसूक नोंदली जाते. या दोन आकड्यांतला फरकच बहुतेक वेळा दोष कुठे आहे ते सांगतो. मी हे महिनाभर उशिरा केलं. तोवर माझ्याजवळ "प्रेशर उतरतं" यापलीकडे सांगायला काही नव्हतं.

आमची नोंद अशी होती. सकाळी गार १.२. हीटिंग सुरू झाल्यावर मी खुर्ची घेऊन कपाटासमोर बसले. पाच मिनिटांत १.६. दहा मिनिटांत २.१. काटा डोळ्यांदेखत सरकत होता, घड्याळाच्या मिनिटकाट्यापेक्षा जलद. विसाव्या मिनिटाला २.९, आणि तिथे तो किंचित थरथरत थांबला. रात्री हीटिंग बंद झाली. सकाळी पाहिलं तर ०.३.

तापल्यावर तीनला भिडतो आणि गार झाल्यावर शून्याकडे पडतो. हे चित्र दिसलं की पहिला संशय एक्सपान्शन व्हेसलवर घ्यायचा.

एक्सपान्शन व्हेसल: सगळ्यात जास्त वेळा दोषी

पाणी १० अंशांवरून ८० अंशांवर तापलं की साधारण ३ टक्के फुगतं. तुमच्या सिस्टीममध्ये ७० लिटर पाणी आहे असं धरा. म्हणजे दर वेळी हीटिंग लागली की २ लिटर जास्तीच्या पाण्याला जागा हवी. पाणी दाबलं जात नाही, पाइप ताणले जात नाहीत. ही जागा देण्यासाठी बॉयलरच्या आत एक चपटा किंवा गोल डबा असतो, तोच एक्सपान्शन व्हेसल. त्याच्या मध्ये रबराचा पडदा, एका बाजूला हीटिंगचं पाणी, दुसऱ्या बाजूला हवा किंवा नायट्रोजन, सहसा ०.७५ ते १ बार दाबाने भरलेला. पाणी फुगलं की पडदा हवेच्या बाजूला ढकलला जातो, हवा दबते, प्रेशर थोडंसंच चढतं.

हिशेब करून पाहिला की मनात नीट बसतं. ८ लिटरचा डबा, आत ०.७५ बार हवा. सिस्टीम १ बारपर्यंत भरली की हवेला ७ लिटर जागा उरते. तापल्यावर २ लिटर पाणी आत आलं, हवा ५ लिटरमध्ये दबली, आणि गेजवर १.८ बार दिसले. आता हीच हवा वर्षानुवर्षं झिरपून निघून गेली असेल, डब्यात जेमतेम २ लिटर हवा उरली असेल, तर फुगलेल्या २ लिटर पाण्याला जागाच नाही. काटा सरळ तीनवर. रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो, लिटरभर पाणी बाहेर फेकतो. गार झाल्यावर तेवढं पाणी कमी पडतं आणि काटा खाली बसतो. सकाळी आपण भरतो, रात्री तो पुन्हा फेकतो.

हे पाणी घरात कुठेच दिसत नाही, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. रिलीफ व्हॉल्व्हला जोडलेला १५ मिलिमीटरचा तांब्याचा पाइप बॉयलरजवळच्या भिंतीतून बाहेर जातो आणि त्याचं तोंड भिंतीकडे वळवलेलं असतं, उकळतं पाणी कुणाच्या अंगावर उडू नये म्हणून. आमचा पाइप मागच्या बोळात, कचऱ्याच्या डब्यांमागे. तो मला नाही, सासूबाईंना सापडला. कचरा टाकून आत आल्या आणि म्हणाल्या, "अगं, मागच्या भिंतीला त्या तांब्याच्या नळीखाली हिरवंगार शेवाळ धरलंय. बाकी सगळी भिंत कोरडी आहे. तिथून पाणी येतं गं रोज." विहिरीच्या काठावर वाढलेल्या माणसाची नजर. मी जाऊन पाहिलं तर विटांवर हातभर शेवाळ, मधोमध तांबूस ओघळ, आणि खाली फरशीवर बर्फाची पातळ चकती.

खात्री करायला एक साधी युक्ती आहे. हीटिंग गार असताना सँडविचची प्लास्टिक पिशवी त्या पाइपच्या तोंडाला रबरबँडने सैलसर बांधा आणि रात्रभर ठेवा. सकाळी पिशवीत पाणी असेल तर उत्तर मिळालं. आमच्या पिशवीत कपभर पाणी निघालं, फिकट चहाच्या रंगाचं. गरम चालू असताना तिथे हात किंवा तोंड नेऊ नका, आणि तपासून झाल्यावर पिशवी आठवणीने काढून टाका. तो पाइप बंद राहता कामा नये.

आता इथे बहुतेकांची फसगत होते ती जागा. आमच्याकडे पहिला इंजिनिअर आला, त्याने पाइपमधून गळतंय हे पाहिलं आणि रिलीफ व्हॉल्व्ह बदलून गेला. तीन आठवडे बरं चाललं. जानेवारीत पुन्हा तेच. रिलीफ व्हॉल्व्ह एकदा उघडला की गाळाचा कण त्याच्या बैठकीवर अडकतो आणि तो नंतर थेंब थेंब गळत राहतो, त्यामुळे तो बदलायला हवाच होता. पण तो उघडत का होता, हे कुणी पाहिलं नाही. नवा व्हॉल्व्हही रोज तीन बारला उघडत राहिला आणि तोही गळायला लागला. म्हणून इंजिनिअर व्हॉल्व्ह बदलतो म्हणाला की त्याला शांतपणे विचारा: व्हेसलमधली हवा मोजली का? किती निघाली?

नंतर दुसरी इंजिनिअर आली, गॅस सेफची (गॅसच्या कामाची अधिकृत नोंदणी असलेली). तिने आधी तेच मोजलं. व्हेसलवर गाडीच्या टायरला असतो तसाच व्हॉल्व्ह असतो, काळ्या टोपीखाली. तिने बॉयलर बंद केला, सिस्टीमचं पाणी काढून काटा शून्यावर आणला आणि मग टायरचा गेज लावला. पाण्याचा दाब शून्यावर आणल्याशिवाय केलेलं मोजमाप खोटं असतं, कारण पलीकडून पाणी दाबत असताना हवेचा आकडा तेवढाच दिसतो. आमचा आकडा निघाला ०.१. तिने पायपंपाने ०.८ पर्यंत हवा भरली, पुन्हा पाणी भरलं, आणि त्या रात्री काटा १.२ वरून १.७ वर जाऊन थांबला.

टोपी काढून तो व्हॉल्व्ह नखाने किंचित दाबल्यावर हवेऐवजी पाणी आलं, तर रबराचा पडदा फाटलाय. मग हवा भरून उपयोग नाही, व्हेसल बदलावाच लागतो. काही बॉयलरमध्ये तो पाठीमागे असा बसवलेला असतो की बॉयलर भिंतीवरून उतरवावा लागेल. अशा वेळी जुना तसाच ठेवून रेडिएटरकडून परतणाऱ्या (रिटर्न) पाइपवर बाहेर दुसरा, सहसा लाल रंगाचा, व्हेसल जोडून देतात. तो तोडगा अगदी योग्य आहे, त्याला जुगाड समजून नाकारू नका. मोठ्या घरांत तर जास्तीची जागा मिळाल्याने फायदाच होतो.

हळूहळू उतरत असेल तर

गरम आणि गार दोन्ही वेळचे आकडे ठीक आहेत, तापल्यावर काटा दोनपलीकडे जात नाही, पण आठवड्यागणिक थोडा थोडा खाली येतो. अशा वेळी कुठेतरी बारीक गळती आहे. व्हेसल नीट झाल्यावर आमच्याकडे हेच उरलं. महिन्यात १.३ वरून १.०.

टिश्यू पेपर घ्या आणि घरातल्या प्रत्येक रेडिएटरच्या दोन्ही बाजूंच्या व्हॉल्व्हभोवती, नटाभोवती, खालच्या सांध्याभोवती गुंडाळून दाबा. डोळ्यांना दिसत नाही ते टिश्यूला कळतं. तांब्यावर हिरवट-पांढरा भुगा, रंगावर तपकिरी डाग, कार्पेटच्या कडेला कडक झालेला ठिपका, या सगळ्या वाळलेल्या गळतीच्या खुणा आहेत. गार असताना पाहा आणि गरम असतानाही पाहा. काही सांधे फक्त गार झाल्यावर आकसून गळतात, आणि गरम पाइपवर आलेला थेंब खाली पडायच्या आत वाळून जातो.

आमच्या लहान बेडरूममध्ये पलंगामागच्या रेडिएटरला ज्या बाजूला थर्मोस्टॅट नसतो, त्या व्हॉल्व्हची पांढरी टोपी उचलली तर खाली दांड्याभोवती ओलसर कडा होती. टिश्यूवर नाण्याएवढा डाग उमटला. दांड्याभोवतीचा छोटा नट पान्याने आठवा भाग फिरवला, पुसलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा टिश्यू लावला. कोरडा. जोर लावू नका, तिथे हळुवारपणा लागतो. टॉवेल वाळवायचा रेडिएटरही विसरू नका, कारण बाथरूममध्ये ओल असतेच आणि तिथली गळती कुणी मनावर घेत नाही.

वर काहीच सापडलं नाही तर फरशीखालचे पाइप राहतात. लाकडी फरशी असेल तर खाली वाहणारी हवा गळती वाळवून टाकते. काँक्रीटमध्ये आवरणाशिवाय गाडलेला तांब्याचा पाइप सिमेंटमुळे कुरतडला जातो. लॅमिनेटचा सांधा उचलला गेला, फरशीचा एकच भाग अनवाणी पायाला उबदार लागला, खालच्या छताला पिवळी कड आली, तर तिथे शोधा. अंदाजाने फरशी फोडायला कुणालाही देऊ नका. उष्णता दाखवणारा कॅमेरा आणि पाइपमध्ये सोडायचा गॅस वापरून नेमकी जागा काढून देणारे लोक आहेत, आणि तुमच्या घराच्या विम्यात ट्रेस अँड ॲक्सेस असं कलम असेल तर शोधण्याचा आणि फोडतोडीचा खर्च त्यातून निघू शकतो. काम सुरू करण्याआधी विमा कंपनीला फोन करा, नंतर नाही.

गळती बॉयलरमध्ये की घरात, हे ठरवायची एक चांगली चाचणी आहे. रात्री सगळं गार झाल्यावर बॉयलरची वीज बंद करा. बॉयलरखाली रेडिएटरकडे जाणारा आणि तिकडून परतणारा, असे दोन जाड पाइप असतात. त्यांवरचे व्हॉल्व्ह बंद करून आकडा लिहून ठेवा. सकाळी काटा पडलेला असेल तर दोष बॉयलरमध्ये. काटा जागेवर असेल आणि व्हॉल्व्ह उघडताच खाली आला, तर दोष पाइपांत किंवा रेडिएटरमध्ये. बॉयलर सुरू करण्याआधी दोन्ही व्हॉल्व्ह उघडलेत याची खात्री करा. आणि व्हॉल्व्ह फिरतच नसेल तर तो सोडून द्या. वर्षानुवर्षं न हललेला व्हॉल्व्ह जबरदस्तीने फिरवला की तोच गळायला लागतो.

बॉयलरमध्येच दोष निघाला आणि बाहेरचा तांब्याचा पाइप कोरडा असेल, तर मुख्य हीट एक्स्चेंजरला भेग गेलेली असू शकते. ते पाणी प्लास्टिकच्या कंडेन्सेट पाइपातून (धुरातल्या वाफेचं पाणी वाहून नेणाऱ्या) गुपचूप गटारात जातं. बॉयलर चालू असताना त्या पाइपातून थेंब येणं स्वाभाविक आहे. पण रात्रभर बंद असतानाही थेंब येत राहिले तर ती बातमी वाईट. बॉयलर जुना असेल तर अशा वेळी दुरुस्ती आणि नवा बॉयलर, दोन्हींचा भाव विचारून मगच ठरवा.

उलटं झालं तर: भरलं नाही तरी काटा चढतो

हीटिंग बंद, सगळं गार, तरीही काटा दीडवरून दोन, अडीच असा चढत जातो. म्हणजे नळाचं पाणी आत शिरतंय. फिलिंग लूपचा कॉक नीट बंद झाला नसेल किंवा आतून झिजला असेल. दोन्ही कॉक बंद करून नळी काढून टाका. एखाद्या टोकातून थेंब आले तर कॉक दोषी, तो बदलणं स्वस्त काम आहे. नळी काढल्यावरही काटा चढत राहिला, तर नळाचं पाणी तापवणाऱ्या प्लेट हीट एक्स्चेंजरला आतून छिद्र पडलंय. नळाच्या पाण्याचा दाब हीटिंगपेक्षा जास्त असतो, त्यामुळे पाणी पलीकडे ढकललं जातं. हा भाग बदलता येतो आणि बहुतेक बॉयलरमध्ये तो सहज हाताशी असतो.

रेडिएटरमधली हवा काढल्यावर प्रेशर उतरणं हा दोष नाही. हवा गेली तेवढी जागा रिकामी झाली. थोडं भरा आणि विषय संपवा. पण एकाच रेडिएटरमध्ये दर पंधरवड्याला हवा साठत असेल तर सावध व्हा. ती बहुधा गंजातून तयार होणारा हायड्रोजन असते, आणि तो पेट घेतो, म्हणून हवा काढताना जवळ पेटती मेणबत्ती किंवा उदबत्ती नको. वरून गार, खालून गरम असलेल्या रेडिएटरमध्ये हवा आहे. वरून गरम, खालून गार असेल तर गाळ, आणि तो हवा काढून जाणार नाही.

गळती बुजवणारं औषध दुकानात बाटलीत मिळतं. माझं मत विचाराल तर घालू नका. गळतीची जागा कळत नाही ती नाहीच, वर तेच औषध बारीक मार्गांत जाऊन बसू शकतं, आणि पुढचा इंजिनिअर आधी सगळी सिस्टीम धुवायला सांगतो.

हात कुठे आवरायचा

भरणं, रेडिएटरची हवा काढणं, टिश्यूची तपासणी, पिशवी बांधणं, नळी काढणं, हे आपलं. बॉयलरचं पुढचं झाकण उघडणं आपलं नाही. बऱ्याच बॉयलरमध्ये ते झाकणच ज्वलनाचा धूर घरात येऊ देत नाही, आणि ते चुकीचं बसलं तर कार्बन मोनॉक्साइड घरात येऊ शकतो. लहान मुलं आणि म्हातारी माणसं असलेल्या घरात हा धोका पत्करू नका. व्हेसल झाकणाच्या आत असेल तर हवा भरण्याचं कामही इंजिनिअरचंच. १ एप्रिल २००९ पासून ब्रिटनमध्ये कॉर्गी या गॅस इंजिनिअरांच्या जुन्या नोंदणीची जागा गॅस सेफ रजिस्टरने घेतली, तरी "आमचे कॉर्गीवाले आहेत" असं सांगणारे अजून भेटतात. दारात आलेल्या माणसाचं ओळखपत्र मागा. पुढे फोटो आणि नंबर असतो, मागे कुठली कामं करायची परवानगी आहे ते लिहिलेलं असतं. मागची बाजू बघायला लाजू नका.

भाड्याच्या घरात असाल तर यातलं बहुतेक काम तुमच्यावर येऊच नये. इंग्लंडमध्ये १९८५ च्या लँडलॉर्ड अँड टेनंट ॲक्टच्या कलम ११ नुसार खोल्या गरम करायची आणि गरम पाण्याची यंत्रणा चालू स्थितीत ठेवणं हे घरमालकाचं काम आहे. नवीन आलेली मुलं-मुली घरमालकाला त्रास नको म्हणून महिनोन्महिने स्वतः भरत बसतात आणि गार खोलीत जॅकेट घालून अभ्यास करतात, हे मला फार लागतं. फोनवर बोलू नका, ईमेल करा, सोबत तारखेसह काट्याचे फोटो जोडा.

इंजिनिअरला फोन करताना "प्रेशर उतरतं" एवढंच सांगितलं तर तो येऊन भरून जातो आणि भेटीचे पैसे घेतो. हे असं सांगा: बॉयलर कुठल्या कंपनीचा, कुठलं मॉडेल, साधारण किती वर्षांचा. गार असताना इतका, तासभर तापल्यावर इतका, चार दिवसांच्या नोंदी आहेत. बाहेरचा तांब्याचा पाइप ओला आहे किंवा कोरडा. फिलिंग लूप काढून ठेवलाय. रेडिएटरच्या व्हॉल्व्हना टिश्यू लावून पाहिलाय. शेवटची सर्व्हिस कधी झाली आणि तेव्हा व्हेसलची हवा तपासली होती का, हेही हाताशी ठेवा. मी दुसऱ्यांदा फोन केला तेव्हा हे सगळं वहीतून वाचून दाखवलं. ती म्हणाली, मी येताना पंप आणि तुमच्या मॉडेलचा रिलीफ व्हॉल्व्ह घेऊनच येते. एका फेरीत काम झालं.